खेळाडू आमदाराला कशावर तोलायचं?

ऑक्टोबर २०२४च्या हरियाणा विधानसभा निवडणुकीत जींद जिल्ह्यातल्या जुलाना मतदारसंघातून दोन महिला कुस्तीगीर उभ्या होत्या. काँग्रेसकडून विनेश फोगाट आणि आम आदमी पक्षाकडून कविता दलाल, जी डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरलेली पहिली भारतीय महिला. भाजपने माजी वैमानिक योगेश बैरागी यांना उमेदवारी दिली होती. विनेशला ६५,०८० मतं मिळाली आणि ती ६,०१५ मतांनी निवडून आली. राज्यात तिचा पक्ष हरला, त्यामुळे ती विरोधी बाकांवर बसली. तेव्हापासून, कुस्तीगिरांच्या २०२३च्या आंदोलनाबद्दल, आपल्याकडच्या चर्चांमध्येही एक वाक्य ठरलेलं आहे: म्हणजे जंतर मंतरवरचं आंदोलन राजकीयच होतं तर.

हे वाक्य मला मान्य नाही. पण ते बोलणारे सगळेच द्वेषाने बोलतात असंही नाही. खेळाडूने राजकारणात पडू नये ही आपल्याकडची जुनी, मनापासूनची भावना आहे. तालमीत वाढलेल्या माणसाला ती जास्तच पटते. पैलवानाने खुराक, मेहनत आणि वस्तादाचा शब्द एवढंच सांभाळावं, बाकी व्यवहार इतर लोक बघतील. अडचण अशी की ते इतर लोक कोण आहेत, याकडे आपण बघतच नाही.

जानेवारी २०२३मध्ये विनेश, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतर मंतरवर बसले, तेव्हा भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह होते. ते भाजपचे खासदार होते आणि २०१२पासून अध्यक्षपदावर होते. महिला कुस्तीगिरांनी त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले, त्यांनी ते सगळे नाकारले. गुन्हा नोंदवून घ्यायला खेळाडूंना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ एप्रिल २०२३ला तो नोंदला गेला. बरोबर महिन्याने, २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या दिशेने निघालेल्या या खेळाडूंना पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेलं. मे २०२४मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ब्रिजभूषण यांच्यावर आरोप निश्चित केले. अल्पवयीन तक्रारदाराचं वेगळं प्रकरण पोलिसांचा अहवाल स्वीकारून मे २०२५मध्ये बंद झालं. न्यायालयाचं काम न्यायालय करील. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की आरोप करणाऱ्या मुली राजकारणाबाहेरच्या होत्या आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते लोकसभेत बसत होते. खेळात राजकारण आधीच होतं. त्या राजकारणात जागा नव्हती ती फक्त खेळाडूला.

डिसेंबर २०२३मधली महासंघाची निवडणूक आठवा. अध्यक्षपदासाठी ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह यांच्यासमोर अनिता श्योराण उभ्या राहिल्या. त्या स्वतः कुस्तीगीर, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या सुवर्णपदक विजेत्या. एकूण मतं पडली ४७. संजय सिंह यांना ४०, अनिता यांना ७. ही मतं देतात राज्य संघटनांचे प्रतिनिधी. जे मॅटवर उतरतात, ज्यांचं वजन मोजलं जातं, ज्यांची निवड होते किंवा कापली जाते, त्यांच्यातल्या कुणालाही खेळाडू म्हणून तिथे मत नव्हतं. निकाल लागला त्याच दिवशी साक्षी मलिकने पत्रकारांसमोर बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. काही दिवसांनी विनेशने खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार कर्तव्यपथावर ठेवले.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खेळाच्या आतली सत्ता ठरवायला ४७ मतं आणि त्यात एका माजी खेळाडूच्या वाट्याला सात. खेळाबाहेर, एका तालुक्याएवढ्या मतदारसंघात, दुसऱ्या खेळाडूला ६५ हजारांवर मतं. जो दरवाजा सर्वांसाठी उघडा होता त्यातून विनेश आत गेली. तिला खेळाच्या आतला दरवाजा उघडा मिळाला असता आणि तरीही ती पक्षाच्या तिकिटासाठी धावली असती, तर तिच्या हेतूबद्दल विचारायला जागा होती. तो तिला मिळाला नव्हता. साक्षीने मात्र राजकारणापासून दूर राहायचं ठरवलं. आंदोलनाचा चुकीचा अर्थ काढला जाऊ नये असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्या भूमिकेचा मला आदर आहे. दोघींनी एकाच अनुभवातून दोन वेगळे निष्कर्ष काढले, दोन्ही प्रामाणिक आहेत. पण एकीने घेतलेला रस्ता म्हणजे दुसरीच्या विरोधात दिलेला पुरावा असं मांडणं अन्यायाचं आहे.

त्यातही ती विधानसभेत गेली हे महत्त्वाचं आहे, आणि हा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे. तिच्यातल्या ३३व्या नोंदीत नाट्यगृहं, सिनेमा, मनोरंजन यांच्याबरोबर खेळ येतो. म्हणजे मूलतः हा राज्याचा विषय. पदक जिंकलं की पंतप्रधानांचा फोन येतो, विमानतळावर केंद्राचे मंत्री येतात, म्हणून आपल्याला वाटतं खेळ दिल्लीत चालतो. महासंघांची मान्यता, परदेश दौरे, राष्ट्रीय शिबिरं दिल्लीच्या हातात आहेत हे खरं. पण शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे का, तालुक्याच्या क्रीडा संकुलात मार्गदर्शक आहे की फक्त कुलूप, मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे का, खेळाडूंच्या राखीव जागा खऱ्या खेळाडूंना मिळतात की बोगस प्रमाणपत्रवाल्यांना, हे सगळं राज्य सरकार ठरवतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी घरातून निघून प्रशिक्षण केंद्रात राहायला जाते तेव्हा तिच्यावर प्रत्यक्ष सत्ता असते ती राज्याच्या यंत्रणेची. त्या यंत्रणेला उभं करून प्रश्न विचारण्याचा हक्क आमदाराला आहे.

म्हणून मला खेळाडूंच्या राज्यसभेवरच्या नेमणुकांपेक्षा अशी निवडणूक मोलाची वाटते. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात नामनियुक्त सदस्य होता. त्याची हजेरी अगदीच कमी राहिली. डिसेंबर २०१७मध्ये तो खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला आणि गोंधळामुळे त्याला बोलता आलं नाही, ही सभागृहाची नामुष्की होती. त्याने खासदार निधीतून काम केलं, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव दत्तक घेतलं, वेतन आणि भत्ते पंतप्रधान मदत निधीला दिले. माणूस म्हणून त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सहा वर्षांत त्याला जाब विचारू शकेल असा एकही मतदार नव्हता. नेमलेल्या माणसाला आपल्या खुर्चीसाठी खालच्यांपेक्षा वरच्यांकडे बघावं लागतं.

याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते पी. टी. उषा यांच्या बाबतीत. ८४च्या लॉस एंजेलिसमध्ये शतांश सेकंदाने हुकलेलं त्यांचं पदक माझ्या पिढीच्या घराघरात हळहळत आठवलं गेलं. २०२२मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या, त्याच वर्षी भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. एप्रिल २०२३मध्ये रस्त्यावर बसलेल्या कुस्तीगिरांबद्दल त्या बोलल्या ते शिस्तीबद्दल आणि देशाच्या प्रतिमेबद्दल. पुढे काही दिवसांनी त्या जंतर मंतरवर जाऊन खेळाडूंना भेटल्याही, पण पहिला शब्द बाहेर पडून गेला होता. देशातल्या मुलींना ट्रॅकवर आणणाऱ्या बाईकडून त्या मुलींची अपेक्षा वेगळी होती.

उषा यांचं उदाहरण एक गोष्ट पक्की करतं. माजी खेळाडू सत्तेत गेला की तो आपोआप खेळाडूंच्या बाजूला उभा राहतो, या समजुतीला आधार नाही. पदक ही माणसाच्या मेहनतीची पावती आहे. तो उद्या कुणाची बाजू घेईल याची हमी त्यात लिहिलेली नसते.

हरियाणाच्याच विधानसभेत याहून कठीण उदाहरण आहे. भारतीय हॉकी संघाचे माजी कर्णधार संदीप सिंह २०१९मध्ये पेहोवातून निवडून आले आणि क्रीडा राज्यमंत्री झाले. ड्रॅग फ्लिकर म्हणून त्यांचा दरारा होता आणि गोळी लागून अंथरुणाला खिळल्यावर ते पुन्हा मैदानावर उभे राहिले, ही कहाणी सर्वांना माहीत होती. खेळाडूच क्रीडामंत्री, यापेक्षा अजून काय हवं असं तेव्हा वाटलं होतं. डिसेंबर २०२२मध्ये क्रीडा खात्यातल्याच एका कनिष्ठ महिला प्रशिक्षकाने त्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. त्यांनी आरोप नाकारले. क्रीडा खातं त्यांना सोडावं लागलं, मंत्रिमंडळातली जागा मात्र राहिली. खटल्याचं जे व्हायचं ते होईल. पण तक्रारदार खात्यातली कनिष्ठ कर्मचारी आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती व्यक्ती त्याच खात्याची मंत्री, अशा वेळी खात्याची यंत्रणा काय करते, हा प्रश्न मंत्री खेळाडू आहे की शेतकरी यावर अवलंबून नाही. खेळाडू-आमदाराला क्रीडा खातं देणं हा आपल्याकडे जवळजवळ रिवाज झाला आहे. उत्तर प्रदेशात चेतन चौहान, बंगालमध्ये क्रिकेटपटू मनोज तिवारी, राजस्थानात राज्यवर्धन राठोड, २०२५मध्ये बिहारमध्ये श्रेयसी सिंह. यातल्या काहींनी चांगलं कामही केलं असेल. तरीही माझं मत असं की खेळाडू खरा उपयोगी पडतो तो मंत्र्याला प्रश्न विचारणाऱ्या बाकावर. पोकळ उत्तर त्याला लगेच ओळखू येतं, कारण त्या उत्तराखाली तो स्वतः राहिलेला असतो.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सांगलीत संभाजी पवार होते. वज्रदेही हरीनाना पवारांचे चिरंजीव, कुस्तीतल्या चपळाईमुळे लोकांनी त्यांना बिजली मल्ल म्हटलं. वसंतदादांच्या बालेकिल्ल्यात, १९८६च्या पोटनिवडणुकीत, त्यांनी दादांच्या घराण्यातल्या उमेदवाराला हरवलं. आधी जनता पक्ष, मग जनता दलाकडून आणि शेवटी २००९मध्ये भाजपकडून, असे ते चार वेळा आमदार झाले. २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या राजकारणातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पक्षांतरं त्यात आहेत आणि साखरेच्या राजकारणाचे सगळे गुंते आहेत. पण त्यांच्यात एक गोष्ट होती जी आजच्या पोस्टरवरच्या खेळाडू-उमेदवारात दिसत नाही. लोक त्यांना पैलवान म्हणून ओळखत होते आणि ऊस उत्पादक, हमाल, छोटा व्यापारी यांचं भांडण घेऊन उभा राहणारा माणूस म्हणून मत देत होते. फडातली कीर्ती त्यांना लोकांच्या दारापर्यंत घेऊन गेली, दार त्यांनी कामावर उघडून घेतलं.

याच महाराष्ट्रात कुस्तीच्या संघटनेचं काय झालं तेही बघायला हवं. अनेक वर्षं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष शरद पवार होते. २०२२मध्ये राष्ट्रीय महासंघाने ती कार्यकारिणी बरखास्त केली आणि दुसरी संघटना पुढे आली, तिचे अध्यक्ष वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस. तडस स्वतः मल्ल, विदर्भ केसरी राहिलेले. इथे तर प्रत्यक्ष पैलवानाच्याच हाती सूत्रं आली. पण भांडण मिटलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या, एक धाराशिवला आणि एक पुण्याजवळ फुलगावला. एका राज्यात, एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. वर्षभर गवत कापून, म्हशी राखून मुलाचा खुराक भागवणाऱ्या बापाने कुठल्या गदेसाठी मुलाला पाठवायचं? फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाच्या निर्णयावरून मल्ल शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूकच, शिक्षाही योग्य. पण पंचाच्या निर्णयाविरुद्ध विश्वासाने दाद मागता येईल अशी जागा त्या मल्लाला दिसली नाही, हे त्या लाथेइतकंच गंभीर आहे.

माझं म्हणणं असं की आमदार किंवा खासदार असलेल्या माणसाने, तो खेळाडू असो की नसो, त्याच खेळाच्या संघटनेचं पद घेऊ नये. सभागृहात बसून जिच्या कारभारावर लक्ष ठेवायचं तिचाच कारभार करायचा, हे चालणार नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना जागा, किमान चार महिला, वादांसाठी न्यायाधिकरण अशा तरतुदी त्यात आहेत. त्या आल्या हे जंतर मंतरच्या रस्त्यावर बसलेल्या मुलींचं यश आहे, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही तरी. राजकारण्यांना मात्र या कायद्याने महासंघाच्या बाहेर ठेवलेलं नाही. आणि कायदा मुख्यतः राष्ट्रीय पातळीचा आहे, जिल्ह्याच्या तालमीपर्यंत त्याचा हात पोचायला राज्याचीच यंत्रणा लागेल.

विनेशच्या आमदारकीतली मला न पटलेली गोष्टही सांगायला हवी. पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ला तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं. सुसाकीने तोवर आंतरराष्ट्रीय पातळीवर एकही कुस्ती गमावली नव्हती, आणि शेवटच्या काही सेकंदांपर्यंत विनेश ०-२ अशी मागे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून ती अंतिम फेरीतून बाद झाली. क्रीडा लवादाने तिचं अपील फेटाळलं. हरियाणा सरकारने तिचा सन्मान रौप्यपदक विजेत्यासारखा करू असं जाहीर केलं होतं. मार्च २०२५मध्ये तिने विधानसभेत या आश्वासनाची आठवण करून दिली, पैशांचा नाही मानाचा प्रश्न आहे असं सांगितलं. सरकारने तीन पर्याय दिले, भूखंड, नोकरी किंवा ४ कोटी रुपये, आणि तिने रक्कम घेतली. त्यावरून तिच्यावर फार खालच्या पातळीची टीका झाली. शब्द सरकारने दिला होता, तो पाळणं सरकारचं कर्तव्य होतं, आणि तिने तो मागण्यात गैर काहीच नाही. पण सभागृहातल्या तिच्या ज्या शब्दांची देशभर बातमी झाली ते तिच्या स्वतःच्या सन्मानाबद्दलचे असावेत, याचं मला दुःख आहे. ज्या मुलींसाठी ती रस्त्यावर बसली होती त्यांच्याबद्दलच्या प्रश्नाची तशी बातमी व्हायला हवी होती. बातम्या कशाच्या होतात हे तिच्या हाती नाही हे मान्य, तरी तिच्याकडून ही अपेक्षा करणं मला जास्तीचं वाटत नाही.

बक्षिसाच्या रकमेचं एवढं कौतुक का होतं तेही कळत नाही. हरियाणा ऑलिम्पिक सुवर्णाला ६ कोटी देतं, रौप्याला ४, कांस्याला अडीच. स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा महाराष्ट्राने आधी १ कोटी जाहीर केलं, मग धोरण बदलून २ केलं. वडिलांनी हरियाणाशी तुलना करून नाराजी व्यक्त केली, तीही समजण्यासारखी आहे. पण स्वप्नीलचं पदक आपल्या राज्याला वैयक्तिक खेळात १९५२नंतर थेट ७२ वर्षांनी मिळालं. त्याआधीचं खाशाबा जाधवांचं. हेलसिंकीला जायला खाशाबांना पैसे गोळा करत फिरावं लागलं, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आता १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन आहे. ७२ वर्षं मधे गेली ती बक्षिसाची रक्कम कमी होती म्हणून नव्हे. पदकानंतरचा पैसा पदकाआधीच्या दहा वर्षांना उपयोगी पडत नाही. खेळाडू-आमदाराला हे सर्वांत आधी माहीत असतं, आणि तरीही सभागृहात तो बक्षिसावरच बोलतो, कारण टाळ्या तिथेच मिळतात.

डिसेंबर २०२५मध्ये विनेशने निवृत्ती मागे घेतली. जुलैमध्ये ती आई झाली होती. आता तिचं लक्ष्य २०२८चं लॉस एंजेलिस आहे. कुस्तीगीर म्हणून याचा आनंद होतो. आमदार म्हणून काय? हरकत घेणारे म्हणतात जुलानाने पूर्णवेळ आमदार निवडला होता. याला उत्तर आहे. श्रेयसी सिंह जमुईच्या आमदार असतानाच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत उतरल्या होत्या. मनोज तिवारीने मंत्री असताना रणजी सामन्यात शतक ठोकलं. आपल्या बहुतेक विधानसभा वर्षाकाठी धड महिनाभरही बसत नाहीत, वेळेचा हिशोब लावायचा तर धंदा, शिक्षणसंस्था आणि कारखाने चालवणाऱ्या शेकडो आमदारांपासून सुरुवात करावी लागेल.

मला वेगळी काळजी वाटते. मॅटवर परतली की विनेश पुन्हा त्याच महासंघाच्या निवड चाचणीत उभी राहणार. शिबिर, प्रवेशिका, वजनगट, सगळं पुन्हा त्यांच्या हाती. ज्या व्यवस्थेला विधानसभेतून निर्भयपणे प्रश्न विचारायची मोकळीक तिला मिळाली होती, तिच्याच दारात ती उमेदवार म्हणून जाणार. ती डगमगणारी नाही हे तिने दाखवलं आहे. रिओत गुडघा मोडल्यावर ती परतली, २०२३मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर परतली, ५३चा गट गेला तर ५०मध्ये उतरली. पण एका व्यक्तीच्या धैर्यावर व्यवस्था सोपवणं बरोबर नाही. म्हणून लॉस एंजेलिसच्या तयारीत ती पूर्ण बुडून जाण्याआधी विधानसभेत तिने एक काम करावं असं मला कळकळीने वाटतं.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आहे. त्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तिथे राहायची सोय असो वा नसो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती हवी. अंमलबजावणीवर देखरेख ठेवायची, तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या याची आकडेवारी ठेवायची जबाबदारी या कायद्याने राज्य सरकारवर टाकली आहे, आणि नोंदी तपासायचा अधिकारही राज्याला दिला आहे. म्हणजे दिल्लीची वाट बघायची गरजच नाही. एक तारांकित प्रश्न पुरे आहे: हरियाणात सरकारी आणि अनुदानित क्रीडा केंद्रं किती, त्यातल्या किती ठिकाणी समिती आहे, समितीच्या सदस्यांची नावं वसतिगृहाच्या भिंतीवर मुलींना वाचता येतील अशी लावली आहेत का, आणि गेल्या पाच वर्षांत किती तक्रारी आल्या. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल. ते खोटं असेल तर विनेशला केंद्रांची नावं तोंडपाठ आहेत, तिला ओळखता येईल.

हाच प्रश्न मुंबई आणि नागपूरच्या अधिवेशनातही विचारता येतो. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलापासून तालुक्याच्या क्रीडा संकुलापर्यंत, कोल्हापूर, सांगली, पुण्यात मुलींसाठी सुरू झालेल्या तालमींपर्यंत तो लागू पडतो. तो विचारायला आमदार खेळाडूच असला पाहिजे असंही नाही. आपल्या २८८ आमदारांपैकी कुणीही, कुठल्याही पक्षाचा, पुढच्याच अधिवेशनात हा प्रश्न दाखल करू शकतो. जिल्ह्यातल्या एखाद्या मुलींच्या तालमीत जाऊन त्याआधी एवढं विचारावं: तुमच्यावर काही बेतलं तर कोणाकडे जायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का?